कंधारची उघड्या टपाची मोटार

रविवार, २४ एप्रिल १९८३, ठिकाण कंधार. मागितलेली किंमत एकोणीस हजार रुपये. हजर माणसं चार. विकणाऱ्यांच्या बाजूने एक निवृत्त वकील आणि त्यांच्या बेगमसाहेबा. गाडी बेगमसाहेबांच्या नावावर होती आणि त्या दाराच्या चिकाच्या पडद्याआड बसल्या होत्या. घेणारे माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. चौथा मी. मी नांदेडला एका सरकारी कचेरीत हिशेबनीस होतो, आणि मला बरोबर नेलं होतं ते त्याच कारणासाठी.

दाजींनी एसटीत सत्तावीस वर्षं गाडी चालवली. त्यातली बरीचशी लातूर-कंधार मार्गावर, रात्रीच्या मुक्कामाची. स्टँडकडून मुक्कामाच्या खोलीकडे जाताना वाटेत वकिलांचं घर लागायचं. फाटक उघडं असलं की आत ती मोटार दिसायची. अमेरिकेची, लांबलचक, दुधाच्या सायीच्या रंगाची, वर कापडी टप, आणि तो टप बटण दाबल्यावर मागे दुमडून जाणारा. दाजी म्हणायचे, "मी चाळीस माणसं बसवून गाडी हाकतो, पण त्या गाडीपुढं मला सायकलवर असल्यासारखं वाटतं." दाजी निवृत्त झाल्यावर, वकील ती विकणार असल्याचं त्यांच्या कानावर आलं, आणि दाजींना दुसरं काही सुचेना.

त्यांचा विचार तसा वेडेपणाचा नव्हता. लातूर जिल्हा होऊन वर्ष भरायचं होतं. नव्या कचेऱ्या भाड्याच्या इमारतींत थाटल्या जात होत्या, नवे साहेब येत होते, आडतीतल्या लिंगायत व्यापाऱ्यांच्या घरची लग्नं पूर्वीपेक्षा मोठी होत होती. वरातीला लोक जीप सजवायचे. आमच्या वस्तीतल्या चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत प्रतिमा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर असायची. दाजी म्हणाले, "जिल्हा झालाय, मेव्हणे. आता मिरवणुकाबी जिल्ह्याच्या मापाच्या व्हनार. उघडी गाडी लातुरात एकबी न्हाई."

आक्काला हे पटलं नव्हतं, पण तिने अडवलं नाही. तिची भीती वेगळी होती. दाजींच्या फंडातले एकवीस हजार तेवढे शिल्लक होते. बाकीचे दोन मुलींच्या लग्नात गेले होते. गाडी फसली तर दाजी परत कुणाच्या तरी ट्रकवर जातील, हैदराबाद-मुंबई करतील, आणि त्या वयात ते तिला नको होतं. ती मला एवढंच म्हणाली, "तू न्हाई म्हनालास तर ते घेनार न्हाईत. म्हनून तू नीट बघून बोल." माझ्या हो-नाहीवर तिच्या घराचं पुढचं सगळं अवलंबून होतं, आणि मला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

म्हणून आधल्या आठवड्यात मी नांदेडच्या एका गॅरेजवाल्याकडे गेलो. तो तरुणपणी हैदराबादला जहागीरदारांच्या गाड्यांवर काम केलेला माणूस. त्याने चहा मागवला आणि मला बसवून समजावलं. "इंजिन बघूच नका. ते तुमचे दाजी बघतील. उघड्या गाडीचं दुखणं इंजिनात नसतं. साधी गाडी म्हणजे झाकण लावलेला डबा. वरचं झाकण काढलं की डबा दाबला तर वाकतो. म्हणून कंपनी खाली जाड सांगाडा घालते. तो गंजाने खाल्ला गेला असला तर गाडी मधोमध बसते. वरून रंग कितीबी चमकू द्या."

हे ओळखायचं कसं, असं मी विचारलं. त्याने सांगितलं ते असं. मागच्या सीटवर दोन जाडजूड माणसं बसवा आणि दार लावून बघा. दाराची फट वरून खालपर्यंत सारखी राहिली पाहिजे. अंगावर लोहचुंबक फिरवा, जिथे चिकटणार नाही तिथे पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. म्हणजे रंगाऱ्याचा लगदा. टपाचं कापड उन्हात कडक होतं आणि घडीवर फाटतं, घड्या बघा. टप उचलणाऱ्या नळ्यांना तेल लागतं, मागच्या सीटच्या पाठीमागे हात घालून बोटाला तेल लागतं का बघा. काचा जपून बघा, त्या मिळणार नाहीत. आणि शेवटी, टप लावून वर दोन बादल्या पाणी ओता आणि आत बसा.

मी हे सगळं ध्यानात ठेवलं आणि जाताना एक मोठं चुंबकही घेतलं, बिघडलेल्या लाउडस्पीकरमधलं. पण मनातून मी निश्चिंत होतो. एसटीत बसल्यावर दाजींना म्हणालोसुद्धा, "त्याने सांगितलं ते मुंबई-हैदराबादच्या गाड्यांचं. आपल्याकडे पाऊस पडतोय कुठे? गाडी गंजायला पाणी लागतं." हेच मी आक्कालाही सांगून आलो होतो. गेल्या पावसाळ्याने दगा दिला होता, त्या उन्हाळ्यात लोह्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी ढेकळं नुसती उलून पडलेली होती. हा मुलूख लोखंड ठेवायला चांगला, असं मला खरंच वाटत होतं.

वकिलांनी फाटक स्वतः उघडलं. सत्तरीच्या पुढचे, उंच, पांढरा कुर्ता, पायात खडखडीत वाजणारे जुने बूट.

"या या. लातूरचे ड्रायव्हरसाहेब ना? तुमची गाडी नेहमी धा मिनटं लेट यायची."

"पंधरा," दाजी म्हणाले.

"मी धा धरून चाललो होतो. तुमची इज्जत राखून."

चहा आला तो लहान कपांत आणि पाणीही तसल्याच लहान कपांत. त्या टंचाईच्या दिवसांत कुणाच्याही घरी तसंच यायचं. चहा संपेपर्यंत दाजी गाडीकडे बघत नव्हते. मुलगी बघायला गेलेला माणूस बघत नाही तसे.

मग शेडमधल्या गाडीवरचं तरटाचं पांघरूण वकिलांनी ओढलं. मी अशी वस्तू जवळून पहिल्यांदाच बघत होतो. आमच्या कचेरीतल्या साहेबांची जीप आणि भाड्याच्या अँबेसिडर एवढाच माझा मोटारींचा अनुभव. ही गाडी शेडमधून बाहेर यायला लागली तर येतच राहिली. तोंड चिंचेच्या सावलीत पोचलं तरी शेपूट आतच होतं. दारावर हात ठेवला तर उन्हाळ्यातही पत्रा गार लागला. आतली सीटं लाल कातड्याची, भेगाळलेली पण साबणाने पुसलेली. माणसांनी एकमेकांना बसायला म्हणून एवढी जागा केली होती.

दाजींनी बॉनेट उघडलं, काडी काढून तेल बघितलं, हुंगलं, गाडी सुरू करून आवाज ऐकला. दर आठवड्याला वकील ती सुरू करून फाटकापर्यंत नेत, परत आणत. इंजिनाबद्दल दाजींनी फक्त पसंतीची मान हलवली. आता माझी पाळी होती.

टपापासून सुरुवात केली. वकिलांनी बटण दाबलं. मागून गुरगुर आवाज आला, आणि ते भलंमोठं कापडी छत घडी उलगडत आमच्या डोक्यावर येऊन बसलं. कुणी हात लावला नाही, ओढलं नाही. दाजींच्या तोंडून "आई गं" एवढंच निघालं. मी मागे हात घालून बघितलं, बोट कोरडं होतं, म्हणजे नळ्या गळत नव्हत्या. घड्यांवर दोन ठिकाणी कापड शिवलेलं होतं, बारीक टाके, घरच्या बाईच्या हातचे.

आता पाणी ओतायचं होतं. मी दाजींच्या कानाशी म्हणालो तसे ते माझ्याकडे बघतच राहिले. "मेव्हणे, नळाला चवथ्या दिवशी पानी येऊन राहिलं. त्या माऊलीकडं गाडीवर वतायला दोन बादल्या मागून बघा. आपन पायी लातूरला जाऊ."

वकिलांना ऐकू गेलंच. ते म्हणाले, "गळतीच बघायची ना? पानी कशाला? बारा वाजून राहिलेत. ऊन हाय की फुकटचं."

त्यांनी गाडी सावलीतून काढून अंगणाच्या मधोमध उन्हात उभी केली, टप घट्ट लावला, काचा वर केल्या आणि आम्हा दोघांना आत बसायला सांगितलं. स्वतः पुढे बसले. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आत एकदम अंधार. उकाड्याने जीव घाबरा झाला. मग हळूहळू डोळे निवले आणि वर बघितलं तर छतभर ठिपके. सुईच्या टोकाएवढे, पांढरे, शेकडो. जुन्या कापडाची वीण जिथे जिथे विरली होती तिथून सूर्य आत येत होता. मी आजवर नांदेडला गच्चीवर झोपून तारे बघितले आहेत, पण हात वर केला तर लागतील इतके जवळ कधी आले नव्हते. दाजींच्या पांढऱ्या सदऱ्यावर, वकिलांच्या टोपीवर, माझ्या तळहातावर ते उतरले होते आणि आम्ही हललो की तेही सरकत होते.

सवयीने मी मोजायला लागलो. ओठ हलताना वकिलांनी आरशात बघितलं असावं.

"आभाळ हाय ते, मियाँ. मोजून राहिलात?"

मला हसू आलं, मोजणं राहिलं. बारीक ठिपक्यांतून पाणी टपकत नाही, कापड फुगून बंद होतं, हे गॅरेजवाल्याने सांगितलंच होतं. मोठं भोक एकही नव्हतं. टप पास झाला. आम्ही घामाने निथळत बाहेर आलो आणि वकिलांनी पडद्यापाशी जाऊन माझं चांदण्या मोजणं हसत सांगितलं.

मग चुंबक काढलं. पुढचे मडगार्ड, बॉनेट, दारं, सगळीकडे ते खटकन चिकटत होतं. माझा जीव भांड्यात पडला. पण मागच्या बाजूला, दाराच्या खाली जी पेटीसारखी पट्टी असते तिथे लावलं तर ते सरळ माझ्या पायावर पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. दुसऱ्या बाजूलाही तसंच. दाजींनी मागचा गालिचा उचलला. खाली तरटाचा तुकडा, त्याखाली पत्रा, आणि पत्र्याला जागोजाग कथलाची आणि डब्याच्या पत्र्याची ठिगळं. दाजींनी अंगठ्याने दाबलं तर अंगठा आरपार गेला. भोकातून खालची माती दिसली.

दाजी उठून उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी पाऊस नाही तर गंज नाही म्हणालो होतो, आणि पाऊस नसलेल्या गावात, शेडमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीची जमीन कुजली होती. पुढचा भाग धड, बॉनेट धड, टप धड, आणि फक्त मागची जमीन. हे कसं व्हावं ते मला समजेना. मी वकिलांना सरळ विचारलं, "साहेब, वरून तर पाणी आलेलं नाही. मग इथे पाणी आलं कुठून?"

"मन्याडपलीकडून," ते म्हणाले.

मला वाटलं थट्टा करतायत. ते गाडीच्या पायरीवर बसले आणि सांगू लागले. बहात्तरच्या दुष्काळात गल्लीतली विहीर आटली. बैलगाड्या होत्या, पण बैल काही विकले गेले, काही चाऱ्याविना गेले. नदीपलीकडच्या एका मळ्यात विहिरीला पाणी होतं, मचूळ, पण होतं. "बाकीच्या मोटारींत पिंप बसत नव्हतं. वर टप आडवा येतो. माझ्या गाडीला पक्का टपच न्हाई. खाली केला की झाली टोपली. मागची सीट काढून ठेवली, खाली तरट टाकलं, चार पिंपं उभी केली, वर घागरी. सकाळी फजरच्या नमाजनंतर निघायचो. ही पुढं बसायची, मांडीवर हंडा घेऊन."

पडद्याआडून पहिल्यांदा आवाज आला. "हंडा न्हाई, दोन हंडे."

"हौ, दोन. रस्ता खराब. पानी हिंदकळायचं. तरट कधी वाळलंच न्हाई. पाऊस पडेपर्यंत वल्लंच राहिलं."

"किती दिवस? किती खेपा?" मी विचारलं.

"मोजल्या न्हाईत."

"पेट्रोलचा तरी हिशेब..."

"न्हाई ठेवला. पानी वाटताना मोजायला बसलं की भांडनं व्हतात, मियाँ. ज्याचा हंडा पुढं आला त्याला द्यायचं."

मी त्या जमिनीकडे पुन्हा बघितलं. माझं सगळं आयुष्य मोजण्यात गेलं आहे. बहात्तरला मी स्वतः दुष्काळी कामावरच्या पगाराच्या तक्त्यांना बसलेला माणूस, माणशी किती घनफूट माती, किती पैसे. त्या वर्षात एवढी गाडी एवढ्या पाण्यासाठी कुणी झिजवली आणि त्याचा आकडा कुठेच नाही, हे मला पेलवेना. पिंपाच्या बुडाचे गोल वळ त्या पत्र्यावर अजून दिसत होते, एकात एक अडकलेले, तांबडे. देवळातल्या दगडावर पायांनी पडतात तसे खळगे. मी चुंबक खिशात घातलं.

पण आक्काचं काम राहिलंच होतं. सांगाडा धड आहे की नाही हे कळल्याशिवाय हो म्हणता येत नव्हतं. हे मी वकिलांना सांगितलं तसं ते उठले आणि म्हणाले, "बघितलंच पाहिजे. लग्नाची पोरं बसनार त्यात." त्यांनीच जॅक काढून दिला. दाजी पोतं अंथरून गाडीखाली शिरले. आतून हातोडीचा आवाज यायला लागला. मी उकिडवा बसून ऐकत होतो. टण. टण. टण. एखादा थप असा आवाज आला तर संपलं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मागच्या चाकाजवळ दाजी थांबले. मग टण.

ते बाहेर आले तेव्हा तोंड काळं झालेलं, आणि हसत होते. "वरचा पत्रा पापडावानी झालाय. पन खालचा सांगाडा एकदम घट्ट. तेल गळून गळून असा माखलाय, की पान्याला शिवूच दिलं न्हाई."

"तीस वर्षं गळतीय," वकील म्हणाले. "लोक नावं ठेवायचे."

मग मागच्या सीटवर वकील आणि दाजी बसले. दोघंही हाडापेराने दणकट. मी दार लावलं आणि फटीत पोस्टकार्ड घालून वरून खाली फिरवलं. कुठे अडकलं नाही, कुठे सैल पडलं नाही. गाडी बसलेली नव्हती.

आता बोलणी. मी पंधरा हजारांवर घासाघीस करायची ठरवून आलो होतो, आणि जमिनीचं कारण तर हातात आयतं आलेलं. पण त्या गोल वळांचे पैसे कापून मागायचे कसे? उलट न कापावे तर जमिनीचा खर्च दाजींच्या डोक्यावर, आणि नावावर करून घ्यायला, कराला, टायरांना म्हणून राखलेले दोन हजार तिथेच संपणार. पहिल्या वरातीआधीच गाडी उभी. दाजी माझ्याकडे बघत होते. शेवटी मी जसं होतं तसंच सांगितलं, दोन्ही बाजू, आकड्यांसकट.

वकील विचारात पडले. तेवढ्यात पडद्यामागून बेगमसाहेबा बोलल्या.

"गाडी माझ्या नावावर हाय ना? मग माझं ऐका. पानी आमच्या गल्लीनं पिलं, तुमच्या लातूरनं न्हाई. जमीन आम्ही खाल्ली, ती आम्हीच घालून देऊ. किंमत एकोणीसच. नांदेडच्या गॅरेजवाल्याचं बिल जेवढं होईल तेवढं त्यातून कापा."

"बिल किती होईल हे आज सांगता येत नाही," मी म्हणालो. "आणि आम्ही जास्त सांगितलं तर?"

"तुम्ही?" त्या म्हणाल्या. "तुम्ही तर चांदण्या मोजत होता म्हनं. तुमचं बिल पैशाला पैसा येईल."

दाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला वाकून नमस्कार करावासा वाटला, पण पडद्याला नमस्कार कसा करतात ते मला माहीत नव्हतं. मग दाजींकडे बघून म्हणालो, "घ्या, दाजी."

त्याच दिवशी टप खाली करून आम्ही निघालो. मागच्या जमिनीवर दोन फळ्या टाकल्या होत्या. गॅरेज नांदेडला, म्हणून लोह्याच्या रस्त्याने. एवढी वर्षं त्या रस्त्याने मी खिडकीतून गेलो होतो आणि मला फक्त दोन बाजू माहीत होत्या. वर काय आहे ते कधी बघितलंच नव्हतं. लिंबाच्या फांद्या डोक्यावरून एकापाठोपाठ एक वाहत होत्या, मध्ये आभाळ, त्यात घारी. टँकरची वाट बघत हंडे मांडून बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. दाजी एसटी चालवल्यासारखे ताठ बसले होते.

गॅरेजवाल्याने जुना पत्रा कापून नवा घातला, दाराखालच्या पट्ट्या नव्या केल्या. तीन आठवडे लागले.

हिशेब असा मिटला. पहिल्या दिवशी दाजींनी कंधारला बारा हजार दिले. गॅरेजचं बिल झालं दोन हजार एकशे चाळीस, ते दाजींनी गॅरेजवाल्याला चुकतं केलं. उरलेले चार हजार आठशे साठ रुपये घेऊन आम्ही पुन्हा कंधारला गेलो. या खेपेला आक्काही आली होती. वकील बाहेर गेले होते. आक्का पडदा सारून आत गेली आणि ती रक्कम तिने बेगमसाहेबांच्या हातात दिली. त्यांनी न मोजता घेतली.